निळ्या पुस्तकाचे दोन शेवट

मी, चांगदेव बुधाजी घरत, वय वर्षे चौसष्ट, धंदा पूर्वी परदेशी बोटीवर नोकरी व हल्ली गोष्टी सांगणे, राहणार मौजे कोपरखार, तालुका पेण, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पेणच्या वकिलांनी एक नमुना दिला होता. त्यात "या नश्वर देहाचा भरवसा नसल्याने" असे वाक्य होते, ते मी गाळले आहे. माझ्या देहाचा मला चांगला भरवसा आहे. खोकला सोडला तर तो अजून मिठागराच्या बांधावरून तोल न जाता चालतो. भरवसा नाही तो माझा पुतण्या धर्माजी याचा, म्हणून हे लिहिणे आले.

माझी बुद्धी शाबूत आहे. हे नुसते लिहून भागणार नाही, कारण धर्माजीने गावभर पसरवून ठेवले आहे की काकाचे डोके फिरले, तो आकाशातल्या माणसांशी बोलतो. मी आकाशातल्या माणसांशी बोलत नाही, त्यांच्याविषयी बोलतो. हा फरक ज्याला कळत नाही त्याने माझ्या बुद्धीचे माप काढू नये. तरी खबरदारी म्हणून गेल्या बुधवारी डॉक्टरांचा दाखला आणून सोबत टाचला आहे. डॉक्टरांनी मला वार कोणता, पंतप्रधान कोण आणि सतरा सक किती ते विचारले. मी तिन्ही सांगितले, आणि उलट त्यांना विचारले की चंद्रावर माणसाचे वजन किती भरेल. ते त्यांना सांगता आले नाही. दाखला मात्र मलाच घ्यावा लागला.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून शाळेचे निवृत्त मास्तर रावजी धोंडू म्हात्रे यांना नेमतो. मास्तरांना गुपित ठेवता येत नाही हा एक दोष सोडला तर माणूस सरळ आहे.

कलम १. घर. कोपरखारातील कौलारू घर, ज्याच्या पूर्वेस ठमाबाईचे घर, पश्चिमेस खाजण, दक्षिणेस देवळाकडे जाणारी वाट आणि उत्तरेस धर्माजीने माझ्या हद्दीत एक हात आत घातलेले कुंपण, ते घर मी धर्माजीची बायको सौ. केसर हिला देतो. धर्माजीला नाही. केसरने माझ्या खोकल्यात मला दोन वर्षे भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणून दिली व एकदाही पुस्तकांचे काय करणार असे विचारले नाही. धर्माजीने त्या घरात राहावे, माझी हरकत नाही, पण बायकोच्या घरात राहतो हे त्याला रोज उंबऱ्यावर आठवावे. कुंपण मागे घेण्याची आता गरज उरली नाही.

कलम २. पोस्टातील बचतीच्या पुस्तकावर जे काही निघेल त्यातून आधी माझे क्रियाकर्म करावे, ते साधे. जेवणात मासळीच्या कालवणात चिंच कमी पडू देऊ नये. माझी बायको भागुबाई वारली तेव्हा धर्माजीच्या देखरेखीखाली झालेले कालवण मी विसरलेलो नाही. उरलेले केसरला द्यावे.

कलम ३. माझ्या वडिलांचे, कै. बुधाजी यांचे, मिठागरावरचे फावडे धर्माजीस देतो. त्याने ते हातात धरलेले पाहायला मी असणार नाही, एवढेच वाईट वाटते.

कलम ४. पितळी बटणांचा पांढरा कोट. हा मी बोटीवर घालीत असे. तो कोणालाही होणार नाही, कारण इतका बारीक माणूस आता गावात नाही. बटणे काढून केसरने मुलींच्या परकरांना लावावीत.

कलम ५. आता मुख्य मिळकतीकडे येतो.

माझ्याकडे पत्र्याच्या ट्रंकेत एकूण एकेचाळीस पुस्तके आहेत. ती सर्व कादंबऱ्या असून सर्व पारितोषिकप्राप्त आहेत. त्या कशा आल्या हे लिहून ठेवणे भाग आहे, कारण गावच्या वाचनालयाचे चिटणीस गुणाजी यांनी मला भर सभेत "बोटीवरून पुस्तके चोरणारा" म्हटले होते.

मी ज्या बोटीवर होतो तिच्यावर उतारूंसाठी पुस्तकांची एक खोली होती. तिथे मी आधी फडके मारणारा होतो आणि पुढे त्या खोलीचा कारभारी झालो. इंग्रजी तिथेच शिकलो, प्रथम पुठ्ठ्यांवरून, मग आतून. समुद्राच्या दमट हवेने पुस्तके फुगत, शिवण सुटत असे, उतारू पाने फाडून नेत. अशी पुस्तके समुद्रात टाकून द्यावीत असा हुकूम होता. माझा हात उचलेना. मी बोटीच्या मोठ्या अधिकाऱ्याकडे गेलो व म्हणालो, साहेब, समुद्राला वाचता येत नाही, मला येते. त्याने हसून चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. गुणाजींनी चष्मा लावून वाचावी.

ट्रंक एकच होती, म्हणून निवड करणे आले. नियम असा केला की ज्या पुस्तकावर पारितोषिकाची पट्टी असेल तेच घ्यायचे. शेकडो पुस्तकांतून एकाला चार माणसांनी उठून मान दिला, म्हणजे निदान त्या चौघांनी तरी ते शेवटपर्यंत वाचले असणार. आणि त्यातही पारितोषिक कशाचे, तर जे घडलेले नाही त्याचे: आकाशाच्या प्रवासाचे, पुढच्या शतकांचे, जादूच्या राज्यांचे. लग्न, वाटण्या आणि खून यांच्या कादंबऱ्याही मी वाचल्या. ते सगळे कोपरखारात होते, त्यासाठी इंग्रजी शिकायची गरज नव्हती.

माझ्या ट्रंकेत अमेरिकेची आणि इंग्लंडची पुस्तके पुष्कळ आहेत, पण इंग्रजीत आणलेली इतर देशांचीही आहेत. एक ब्राझीलचे आहे, त्यात एका शहरात माणसांच्या सावल्या भाड्याने मिळतात आणि वेळेवर परत कराव्या लागतात. एक जपानचे, त्यात एक डोंगर वर्षाला एक पाऊल चालतो आणि पायथ्याचे गाव दरवर्षी एक घर मागे सरकवते. एक हंगेरीचे, त्यात लोकांना उद्याची आठवण येण्याचा रोग होतो. एका पुस्तकात असा ग्रह आहे की तिथला समुद्र गोड. हे ऐकून आमच्या मिठागरावरच्या बायका इतक्या हळहळल्या की त्या मोसमात पहिले मीठ ओढले तेव्हा देवाच्या वाट्याशेजारी एक मूठ त्या लोकांच्या वाट्याची काढून ठेवली. अजूनही काढतात. न्यायला कोणी आलेले नाही.

पहिली गोष्ट मी रजेवर आलो असताना भागुबाईला सांगितली. ती वाल सोलत होती. ऐकून म्हणाली, "माझ्या एकटीला कशाला सांगतोस, मांडवान सांग." तेव्हापासून मिठागराच्या मांडवात दुपारी, कोंड्यांतले, म्हणजे मिठाच्या वाफ्यांतले, पाणी उन्हात सोडून माणसे भाकरी खायला बसतात तेव्हा, मी गोष्ट सांगतो. बोटीवरून कायमचा परत आल्यापासून एकही मोसम चुकलेला नाही.

यात एक अट होती, आणि पुढचे सगळे त्या अटीवरून घडले. बोटीवरच्या गप्पा फुगवून सांगण्याबद्दल माझे नाव आधीच झालेले होते. म्हणून मांडवातल्या माणसांनी ठरवले की चांगदेवने तोंडची गोष्ट सांगायची नाही. पोथी लावतात तसे पुस्तक समोर उघडे धरायचे, ओळीवर बोट ठेवायचे, आणि बोट पुढे सरकेल तेवढेच सांगायचे. त्यांच्यातल्या कोणाला इंग्रजी अक्षर येत नव्हते. पण बोटावर सगळ्यांची नजर असे. एखादे वाक्य मी पदरचे घातले आणि बोट थांबले, की लगेच कोणीतरी म्हणे, "दादा, बोट हालंना तुझा."

आणि मोसम संपताना, मिठाच्या राशी गवताने शाकारण्याआधी, त्या मोसमाची पुस्तके गोणपाटावर रांगेत मांडायची. प्रत्येकाने आपल्या आवडत्या पुस्तकापुढे मिठाचा एक खडा ठेवायचा. तिकडे परदेशातही एका पारितोषिकाला वाचकच मते घालतात असे मी एका पुठ्ठ्यावर वाचले होते, ते मी इथे आणले. ज्या पुस्तकापुढे जास्त खडे, त्याची खूण मांडवाच्या खांबावर चुन्याने काढायची. आमची माणसे पुस्तके पुठ्ठ्यावरून ओळखतात: पक्ष्याचे, सावलीचे, निळे. खांबावर आज दहा खुणा आहेत. ज्यावर परदेशातल्या पारितोषिकांच्या पट्ट्या सर्वांत जास्त, त्यालाच आमचे खडे जास्त, असे दोनदाच जुळले, आणि माझ्या मते दोन्ही वेळा आमचे चुकले.

सहा वर्षांपूर्वी रशियाचा माणूस आकाशात फिरून आला तेव्हा मी वर्तमानपत्र घेऊन धावत मांडवात गेलो. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग एक म्हातारा म्हणाला, "आता गेला व्हय? आपलं कवाच गेलं."

ही पुस्तके मी वाचनालयाला फुकट देत होतो. गुणाजींनी ती "भाकडकथा व तरुणांस अपायकारक" असा शेरा मारून परत पाठवली. त्यातल्या एका पुठ्ठ्यावर अपुऱ्या कपड्यांतली एक बाई हिरव्या राक्षसाच्या कडेवर आहे. गुणाजी ते पुस्तक अपाय तपासण्यासाठी घरी घेऊन गेले आणि अकरा दिवसांनी परत केले. सबब सदर पुस्तक, पुठ्ठ्यासकट, मी गुणाजींना कायमचे देतो. आतील मजकूर चांगला आहे, तोही वाचावा.

धर्माजीने माझ्या पश्चात ही पुस्तके रद्दीत घालण्याचे ठरवलेले मला माहीत आहे. मी आजारी असताना त्याने तागडी आणून ट्रंक जोखली होती. केसरने मला सांगितले. म्हणून स्पष्ट लिहितो की गुणाजींचे एक आणि कलम ६ मधली दोन निळी सोडून उरलेली अडतीस पुस्तके मिठागराच्या मांडवाची आहेत. ट्रंकेची चावी केसरकडे राहील. वाचून सांगायला केसरची थोरली मुलगी तयार होते आहे. ती पेणला शाळेत जाते आणि तिचे बोट माझ्यापेक्षा प्रामाणिक आहे. तोवर रावजी मास्तरांनी सांगावे.

कलम ६. हे कलम मी तीनदा लिहून फाडले आहे.

माझ्या शेजारी पूर्वेच्या घरात ठमाबाई राहते. तिचा नवरा लवकर गेला. तिला एकच मुलगा, भिकू. चांगला उंच, हसतमुख, फावड्यात वाकबगार. १९५५ साली मी रजेवर आलो असता भिकू म्हणाला, काका, मला बोटीवर लावा. ठमाबाईची इच्छा नव्हती. मी तिच्या अंगणात बसून तिची समजूत घातली. म्हणालो, मी इतकी वर्षे गेलो-आलो, मला काय झाले? आणि माझ्या चिठ्ठीवर भिकूला एका माल वाहणाऱ्या बोटीवर काम मिळाले. पुढच्या पावसाळ्यात ती बोट बंगालच्या उपसागरात गेली ती सापडली नाही. माणसेही सापडली नाहीत. कंपनीच्या कागदात "बेपत्ता" एवढाच शब्द होता, आणि तोवर मी बोट सोडून कायमचा घरी आलो होतो, म्हणून तो मराठीत करून ठमाबाईला मीच सांगितला.

त्यानंतर आजवर मी तिच्या अंगणात गेलो नाही. माझ्या घराला पूर्वेस दार आहे, ते मी बंद ठेवले. खाजणाच्या बाजूने बाहेर पडून, देवळाला वळसा घालून मी मिठागरावर जातो. ती रोज मांडवात समोर बसे, भिकूचे फावडे शेजारी ठेवून. ते फावडे ती दर मोसमात तेल लावून आणीत असे, अजूनही आणते. मी गोष्ट सांगे, पण तिच्याकडे न बघता.

१९५८ च्या मोसमात मी निळे पुस्तक काढले. एका स्वीडनच्या बाईने लिहिलेले आहे. समुद्रकाठचे एक शहर एका लांबच्या ताऱ्याकडे जहाज पाठवते. जहाजावरच्या माणसांना जाऊन यायला दोन वर्षे लागतील, पण तेवढ्यात किनाऱ्यावर तीस वर्षे जातील. किनाऱ्यावर एक मनोरा आहे, त्यातून दर दिवशी जहाजाला हाक जाते. मनोरा सांभाळणारी बाई आहे, आणि तिचा मुलगा जहाजावर आहे.

ही गोष्ट मी ठमाबाईसमोर का काढली? मूर्खपणा झाला. माझी पद्धत अशी की संध्याकाळी एक प्रकरण वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सांगायचे. बाईचा मुलगा जहाजावर आहे हे मला चौथ्या दिवशी कळले, आणि तोवर मांडव सोडायला तयार नव्हता. शेवटच्या प्रकरणावर आलो तेव्हा कळले की ते प्रकरण पुस्तकात नाहीच. कोणा उतारूने एकतीस पाने उपटून नेली होती.

दुसऱ्या दिवशी मांडवात एकाही माणसाने भाकरीचे फडके सोडले नव्हते. सगळे माझ्याकडे बघत होते. पाने नाहीत असे सांगायचे मी ठरवून आलो होतो. मग ठमाबाईने, भिकूची बोट गेल्यापासून पावणेदोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलत, विचारले, "दादा, जहाज येतं का रं?"

मी पुस्तक उघडले, बोट ठेवले आणि सांगितले की येते. शहरात एक सण चालू असतो, त्याच्या तिसऱ्या दिवशी जहाज धक्क्याला लागते. माणसे उतरतात, गेली तशीच तरणी. मनोऱ्यातली बाई म्हातारी झालेली आहे, ती गर्दीत मागे उभी आहे. ठमाबाई म्हणाली, "उतरल्यावर पोऱ्यानं कुनाला हाक मारली?" मी म्हणालो, आईला. बोट मी सारखे सरकवत होतो. माझा आवाज नीट राहिला नाही, हे खरे आहे.

त्या वर्षी बावीस खडे निळ्यापुढे पडले. ठमाबाईने आपला खडा कुठेच ठेवला नाही.

पुढे पाच वर्षांनी मुंबईत फोर्टात पदपथावर मला तेच निळे पुस्तक मिळाले, सगळ्या पानांसकट. धरमतरला येणाऱ्या लाँचवर बसून मी शेवटचे प्रकरण वाचले. जहाज येत नाही. एकही माणूस परत येत नाही. तीस वर्षे झाल्यावर मनोऱ्यातली बाई स्वतःच्या हाताने हाक पाठवणारे यंत्र बंद करते, दाराला कुलूप लावते, चावी नगरपालिकेच्या खिडकीत देते आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. तिथे पुस्तक संपते. मला ते वाचवेना, आणि ते किती चांगले आहे हेही मला कळत होते.

ते पुस्तक मी चार वर्षे ट्रंकेच्या तळाशी ठेवले आहे. ठमाबाईने भिकूचे दिवसपाणी केल्याचे मी कधी ऐकले नाही. फावड्याला ती अजून तेल लावते. तिला अशी वाट बघत माझ्या खोट्या शेवटाने बसवले असे मला वाटते. एकदा मी तिच्या मुलाला चिठ्ठी देऊन पाठवला, आणि दुसऱ्यांदा तो येणार म्हणून पुस्तकावर बोट ठेवून सांगितले. या दोन्हींची माफी मला तिच्यासमोर उभे राहून मागता आली नाही. बाकी सगळ्या गोष्टींत मी धीट माणूस आहे, हे गाव सांगेल.

सबब, दोन्ही निळी पुस्तके मी ठमाबाईस देतो. माझ्या मृत्यूनंतर तेराव्या दिवशी रावजी मास्तरांनी तिच्या घरी जाऊन दुसऱ्या प्रतीतील शेवटचे प्रकरण तिला शब्दशः सांगावे व पहिला शेवट चांगदेवने रचला होता हे कळवावे. तोवर मास्तरांनी तोंड मिटून ठेवावे.

वरील मजकूर मी राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहिला आहे.

मुक्काम कोपरखार, दिनांक २२ जानेवारी १९६७.
सही: चांगदेव बुधाजी घरत
साक्षीदार: रावजी धोंडू म्हात्रे, निवृत्त शिक्षक. वामन हरी काणे, डॉक्टर, पेण.

पुरवणी

मी, वरील चांगदेव बुधाजी घरत, माझ्या दिनांक २२ च्या मृत्युपत्रास ही पुरवणी जोडतो. आठच दिवस झाले आहेत.

रावजी मास्तरांनी तोंड मिटून ठेवले नाही. आज दुपारी माझ्या पूर्वेच्या दारावर थाप पडली. कडी गंजल्याने ते मला उघडता येईना, ठमाबाईने बाहेरून खांदा लावून उघडले. आत येऊन बसली आणि म्हणाली, "तू मेल्यावर मास्तर मना वाचून दाखवनार म्हनं. तवा मी जित्ती असन कशावरून? आताच वाच."

मी ट्रंकेच्या तळातून पुस्तक काढले. बोट ठेवले आणि सबंध प्रकरण सांगितले, एक शब्द पदरचा न घालता. ती माझ्या बोटाकडे बघत होती. संपल्यावर तिने पुस्तक हातात घेऊन मिटले. मग म्हणाली, "शाहनी हाय ती बाई. दार लावलं नि घरी जाऊन चूल पेटवली. दुसरं काय करनार."

मी म्हणालो, ठमाबाई, तो पहिला शेवट मी रचला होता.

"मना तवाच ठावं हाय," ती म्हणाली. "मी तुझ्या समोर बसलेली. पुस्तकान पानंच नव्हती, दादा. तू पुठ्ठ्यावर बोट फिरवत होतास."

नऊ वर्षे मी समजत होतो की इंग्रजी न येणाऱ्या माणसांना मी फसवले. कोरा पुठ्ठा ओळखायला इंग्रजी लागत नाही, हे मला सुचले नव्हते. मी विचारले, आणखी कोणाला कळले होते? म्हणाली, "पुढं बसनाऱ्या समद्यांना."

मग मी फावड्याचे विचारले. ती म्हणाली, "लोखंड चांगलं हाय म्हनून वापरते. आता तसं मिलत न्हाय." भिकूचे सगळे तिने बोट गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी श्रावणात हरिहरेश्वराला जाऊन केले होते. भावाकडे जाते असे सांगून गेली होती, दारात रडायला गर्दी नको म्हणून. म्हणजे जहाज येते का असे तिने मला विचारले तेव्हा भिकू येणार नाही हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते.

"मग विचारलेस कशाला?" मी म्हणालो.

"तू माझ्या दारान यायचा बंद झालेलास. देवळाला वलसा घालून जायचास. मना वाटलं, यानं आमचं नाव टाकलं. त्या दिवशी तू पुठ्ठा वाचत रडलास. मना कललं, माझा पोरगा याचा बी होता." एवढे बोलून ती मला म्हणाली की त्याने मागितली म्हणून तू चिठ्ठी दिलीस, नसती दिलीस तर तो पोहत गेला असता. आता हे दार लावून ठेवू नकोस, असेही म्हणाली.

मी रडलो. बुद्धी शाबूत असताना रडलो, याची नोंद घ्यावी.

जाताना तिने पदराच्या गाठीतून एक मिठाचा खडा काढला. १९५८ च्या मोसमातला. दर पावसाळ्यात पाझरू नये म्हणून चुलीवर टांगलेल्या डब्यात ठेवला होता. आता वालाच्या दाण्याएवढा उरला आहे. म्हणाली, "निल्याला देनार व्हते. पन तो शेवट निल्याचा नव्हता, तुझा व्हता. आनि तू काय गोनपाटावर रांगेन बसलेला नव्हतास. मग ठेवू कुनापुढं?" आणि तो तिने माझ्यापुढे, या कागदांवर ठेवला.

सबब पुढीलप्रमाणे फेरफार करतो. कलम ६ मधील तेराव्या दिवशीचे वाचन रद्द. मी रचलेला शेवट रावजी मास्तरांनी माझ्या तोंडून लिहून घ्यावा व फाटक्या निळ्या प्रतीत शिवावा, वर "हा पुठ्ठ्यावरचा" असे स्पष्ट लिहून. दोन्ही प्रती मांडवात शेजारी शेजारी राहतील. ज्याला जो शेवट हवा तो त्याने मागावा.

दोन्ही प्रती मी ठमाबाईलाच देणार होतो. पण या पुरवणीला तिला साक्षीदार व्हायचे आहे आणि ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष न घातलेली बरी असे वकिलांनी बजावले होते. हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग मना काय देऊ नको. साक्ष मीच घालनार." तिच्या इच्छेप्रमाणे तिला काहीही दिलेले नाही.

मिठाचा खडा माझ्या बाकीच्या मिळकतीत धरू नये. तो माझा एकट्याचा असून कोणासही देत नाही. माझ्या अस्थी खाडीत सोडाल तेव्हा बरोबर सोडावा. ट्रंकेतल्या एकेचाळीस जणांप्रमाणे मीही आता पारितोषिकप्राप्त आहे, हे धर्माजीस व गुणाजींस कळवावे.

कलम ६ च्या पानावर मध्यभागी जो ओला गोल डाग दिसतो, तो सदर खड्याचा आहे. ती खाडाखोड समजू नये.

मुक्काम कोपरखार, दिनांक ३० जानेवारी १९६७.

सही: चांगदेव बुधाजी घरत

साक्षीदार:
रावजी धोंडू म्हात्रे, निवृत्त शिक्षक (तोंड न मिटल्याबद्दल माफ केले. चां. बु. घ.)
ठमाबाई कोंडू घरत, मिठागरावर काम, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. दोन्ही शेवट वाचून दाखविले, समजले, दोन्ही खरे आहेत असे म्हणते.